प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे?

मी शाळेत शिकत असताना आमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक नेमका दोनदा पाहिला. जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातलं गाव, शाळा हायस्कूलपर्यंत. तो हिरव्या कापडी खोळीत, काचेच्या कपाटात असायचा. आठवीत एकदा आणि दहावीत एकदा तो टेबलावर आला. आम्ही पन्नास जण रांगेत. एक डोळा मिटायचा, वाकायचं, बघायचं आणि पुढे सरकायचं. "हात लावू नका, हलेल," असं सर दर दोन मिनिटांनी सांगत होते. मला कांद्याच्या पेशी दिसल्या की माझ्याच पापणीचे केस, हे आजही खात्रीने सांगता येणार नाही. पुढे मी स्वतः विज्ञानाची शिक्षिका झाले, तशाच एका कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये आली, आणि पहिली काही वर्षं मीही तेच वाक्य म्हणत राहिले.

ते वाक्य कुठून येतं, हे शाळेबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर चढते. खुर्ची, घंटा, नकाशा, चंचुपात्र, सगळं. तपासणी आली की रजिस्टरमधला आकडा आणि कपाटातला आकडा जुळावा लागतो. फुटक्या वस्तूचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदीतून काढता येते, पण त्यासाठी यादी, ठराव, मंजुरी असा सगळा सोपस्कार असतो. एकदा त्यातून गेलेला शिक्षक काच बाहेर काढायचं नाव घेत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही. कपाट बंद ठेवलं म्हणून आजवर कुणाला नोटीस आलेली मी ऐकलेली नाही. काच कमी भरली तर मात्र उत्तर द्यावं लागतं.

नववीतल्या एका मुलीच्या हातून मोजपात्र फुटलं. मी तिला रागावले नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आता रजिस्टरला काय लिहू मी?" दुसऱ्या दिवशी तिने माझ्या टेबलावर वहीच्या पानाची एक पुडी ठेवली. आत दहाच्या काही नोटा आणि सुटी नाणी होती. तिची आई कापूस वेचायला जायची, म्हणजे पैसे वेचणीचेच असणार. मी पुडी परत केली, समजावलं, पाठीवर हात ठेवला. पण त्या वर्षभरात ती मुलगी पुन्हा प्रयोगाच्या टेबलाजवळ आली नाही. मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि लांबून बघायची. काहीही फुटू नये एवढ्या अंतरावर.

विज्ञानाची वर्गखोली कशी असावी, यावर हल्ली बरीच चर्चा होते. नव्या इमारती होतात, निधी येतो, उद्घाटनं होतात. त्या प्रत्येक वेळी मला ती पुडी आठवते. माझं म्हणणं सरळ आहे. अशा खोलीचा आराखडा काढायला बसलं की पहिली ओळ मोडतोडीची लिहायची: वर्षाला अमुक इतकी काच फुटणार, तिचा खर्च शाळा करणार, आणि त्यासाठी मुलाला किंवा शिक्षकाला कुणापुढे मान खाली घालावी लागणार नाही. ही ओळ नसेल तर पुढचं सगळं सामान प्रदर्शनात मांडल्यासारखं मांडून राहतं.

सध्या आराखडा उलट्या टोकाने सुरू होतो. भिंतीवर सूर्यमाला रंगवतात, एका कोपऱ्यात मानवी सांगाडा, समोर मोठ्या स्क्रीनचा पॅनल. या गोष्टींना माझा विरोध नाही. पॅनलवर हृदयाचे ठोके हलताना दिसले की मुलं खरंच हरखतात. पण पॅनल लावलेल्या किती खोल्यांत नळ आहे, हे एकदा मोजून बघावं. प्रयोगाला पाणी लागतं, हात धुवायला लागतं, परीक्षानळ्या विसळायला लागतं. आमच्याकडे प्रयोगाच्या तासाला दोन मुलं बादली घेऊन हातपंपावर जायची आणि पस्तीस मिनिटांतली दहा तिथेच संपायची. खोलीत पाणी आलं की तासच लांबतो, असा माझा अनुभव आहे. एका पॅनलच्या पैशांत नळ, दोन सिंक, भिंतीलगत कडप्प्याचा ओटा आणि पुढच्या काही वर्षांची काच आरामात बसते. निवड करायची वेळ आली तर मी डोळे झाकून ओटा निवडेन. मुलांनी स्वतः उपकरणं जोडून बघायच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार एकेका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देतं, ही मोठी गोष्ट आहे. पण ती निवडक शाळांना मिळते. पगार सोडून बाकीच्या खर्चासाठी मिळणाऱ्या वेतनेतर अनुदानाची वाट बघत बसलेल्या बाकीच्या शाळांचं काय, हा प्रश्न उरतोच.

आणि हे काही नवं स्वप्न नाही. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ शाळांपासून एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला. चार-चार मुलांच्या टोळ्या, टोळीच्या हातात साहित्य, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा. गावातल्या साध्या सरकारी शाळांत हे तीस वर्षं चाललं, २००२ मध्ये राज्य सरकारने ते थांबवेपर्यंत. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून भूमितीचे आकार करणारे अरविंद गुप्ता याच कामातून पुढे आले. आपल्याकडे तर ही गोष्ट आणखी जवळ येऊन गेली. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्याच दशकात रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांमधल्या विज्ञान शिक्षणावर काम केलं. देशातली नावाजलेली संस्था आपल्या उंबरठ्यावर आली होती. आज खानदेशातल्या किती विज्ञान शिक्षकांना हे माहीत आहे? आमच्या एकाही प्रशिक्षणात हे नाव निघालेलं मला आठवत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता खोलीकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून आणलेला नकाशा आपल्याकडे चालत नाही, कारण आपल्याकडे ऊन आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, हे दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतं. पण पत्र्याच्या वर्गखोलीत मार्चमध्येच काय होतं, ते तिथे बसणाऱ्यालाच कळतं. शाळा सकाळची होते, तरी दहा वाजल्यापासून पत्रा तडतडायला लागतो. डोक्यावर तवा तापलेला असताना कुतूहल जागं ठेवायला सांगणं हा मुलांवर अन्याय आहे. म्हणून उंच छत, वर वारा जायला झरोके, पश्चिमेच्या भिंतीला व्हरांडा आणि पत्र्यावर चुन्याचा हात या गोष्टी मी विज्ञान शिक्षणाच्याच खर्चात धरते. खिडकीत वाळ्याचा पडदा लावला, त्यावर पाणी शिंपडलं, त्याच्या आत-बाहेर एकेक तापमापी टांगली, तर खोली थंड होते आणि बाष्पीभवनाचा धडाही होतो. माठातलं पाणी गार का, या प्रश्नाचं उत्तर माझी मुलं पाठ करून लिहायची. पडद्याच्या आतल्या तापमापीचा लाल दोरा खाली उतरताना बघितल्यावर उत्तर पाठ करावं लागलं नाही.

ऊन शत्रू आहे तसंच ते आपलं सगळ्यात स्वस्त उपकरण आहे. खोलीची एक खिडकी दक्षिणेला हवी आणि तिला पत्र्याची झडप हवी. झडपेला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडायचं. हिवाळ्यात दुपारी खोली अंधारी केली की समोर उन्हाचा ठिपका पडतो. भोक त्रिकोणी पाडलं तरी ठिपका गोलच पडतो, आणि इथेच वर्गात पहिला गोंधळ उडतो. कारण तो ठिपका म्हणजे भोकाचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. भोकापासून तीन मीटरवर कागद धरला तर हे चित्र साधारण तीन सेंटीमीटरचं येतं. अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की शंभराच्या थोडं पुढचं उत्तर येतं, आणि सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या जवळपास तितकेच पट आहे. मोजपट्टी आणि झडप, एवढंच सामान. शिवाय तो ठिपका सरकतो. मिनिटाला सेंटीमीटरभर तरी. खडूने कड आखून ठेवली की मुलं श्वास रोखून बघत बसतात. पृथ्वी फिरते हे वाक्य त्यांनी चौथीपासून ऐकलेलं असतं, ते फिरणं पहिल्यांदा डोळ्यांना दिसतं. एका मुलाने ठिपक्यावर बोट ठेवून मला विचारलं होतं, "मॅडम, हाई काय शे?" मी सांगितलं, हा सूर्य आहे. त्याने बोट झटकन मागे घेतलं.

अंगणात काठी रोवून तिच्या सावलीवर वर्षभर खुणा करता येतात. खानदेश कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेला, साधारण २१ अक्षांशावर आहे. त्यामुळे आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर असा वर्षातून दोनदा मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा सावली उलट्या बाजूला असते, आणि ढगांनी जरा उसंत दिली तर पहिल्याच आठवड्यात मुलांना हे दाखवता येतं. अजून एक गंमत आहे. सगळ्यात आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते, जळगाव साडेपंचाहत्तरच्या आसपास आहे. अंशाला चार मिनिटं धरली की आपला मध्यान्ह सरासरी बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी येतो. तोही वर्षभर एका जागी राहत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएकच्या जवळ जातो. पुस्तकातला भूगोल आणि अंगणातलं घड्याळ जुळत नाही, तिथून प्रश्न सुरू होतात. म्हणून माझ्या नकाशात खोलीला अंगणाकडे उघडणारं मोठं दार आहे, आणि अंगणातला बारा बाय बारा फुटांचा तुकडा फरसबंद न करता शाडूने सारवून ठेवलेला आहे. तिथे शोभेची झाडं लावायची नाहीत.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन येतो आणि शाळाशाळांत थर्माकोलचा ज्वालामुखी फसफसतो. सोडा आणि व्हिनेगर. मुलांची मेहनत असते, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आपण ज्या काळ्या खडकावर उभे आहोत तो सगळा लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेला. धुळे-नंदुरबारकडे तर तो रस भेगांमधून वर येऊन थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला, आणि आता त्या भेगा भिंतींसारख्या लांबच लांब टेकड्या होऊन उभ्या आहेत. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक त्या डाइक बघायला दुरून येतात. त्या टेकडीवर बकऱ्या चारणाऱ्या मुलाला शाळेत मात्र थर्माकोल दाखवला जातो. खोलीत एक उघडी फळी दगडांसाठी हवी. गावातल्या विहिरीचं खोदकाम चालू असेल तेव्हा प्रत्येक थरातला दगड आणि माती त्या फळीवर वरून खाली जशी लागली त्या क्रमाने मांडली, तर त्याहून चांगला तक्ता कोणत्या दुकानात मिळेल?

फळ्या उघड्याच हव्यात. खांद्याच्या उंचीच्या, दार नसलेल्या, आणि प्रत्येक डब्यावर मुलांच्या अक्षरातलं नाव. पुस्तकातला शब्द, त्याखाली घरातला शब्द. घरातला शब्द अहिराणी असेल, लेवा बोलीतला असेल, नंदुरबारकडे भिल्ली किंवा पावरी असेल. घरचा शब्द डब्यावर आला की मूल डबा उघडायला बिचकत नाही.

आणि डब्यात काय ठेवायचं, यासाठी कॅटलॉग मागवायची गरज नाही. यावल-रावेरकडच्या शाळेत कच्च्या केळ्याची चकती आणि पिकलेल्या केळ्याची चकती शेजारी ठेवून दोन्हींवर आयोडीनचा थेंब टाकावा. कच्ची चकती काळीनिळी पडते, पिकलेली फारशी रंग घेत नाही. स्टार्च गेला कुठे? जीभ सांगते, साखर झाली. मग पिकवण केंद्रावर नेमकं काय करतात, हे विचारायला मुलं स्वतःच जातात. वर्गात कुणाचे तरी काका किंवा मामा त्या व्यवसायात असतातच. ठिबकच्या संचावर खत ओढणारी व्हेंच्युरी, म्हणजे मधे अरुंद होणारी नळी, ज्या मुलाने बापाबरोबर साफ केली आहे, त्याला पाण्याचा वेग वाढला की दाब घटतो हे सांगायला आकृती कशाला? व्हेंच्युरीच ओट्यावरच्या नळाला जोडावी, रंगीत पाण्याची बाटली खाली ठेवावी, पाणी आपोआप वर चढतं. माघ-फाल्गुनात घरोघरी बिबडे आणि उडदाचे पापड होतात, तेव्हा हळदीच्या पाण्यात चिमूटभर पापडखार टाकून बघायचा. पिवळ्याचं लाल होतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हा प्रयोग मुली घरी जाऊन आईला आणि आजीला करून दाखवतात. एका आजीने मला निरोप पाठवला होता: हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, हे तिला सत्तराव्या वर्षी कळलं.

माझ्याच सहकाऱ्यांचे आक्षेप मला माहीत आहेत. काही अगदी रास्त आहेत. आम्ल आणि तीव्र रसायनं उघड्यावर ठेवता येणार नाहीत. बरोबर आहे, त्यांचं एक छोटं कपाट बंदच हवं आणि त्याची किल्ली शिक्षकाकडेच हवी. पाऱ्याच्या तापमाप्या तर मुलांच्या हाती देऊच नयेत, लाल अल्कोहोलच्या वापराव्यात. पण एका कपाटाच्या धोक्यापायी पाच कपाटांना कुलूप घालणं मला पटत नाही. वर्गात साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं हा खरा अडथळा आहे, आणि नुसती खोली बदलून तो सुटणार नाही. आठवड्यातून एकदा जोडतास द्यावा लागेल, प्रयोगशाळेत मदतीला एक माणूस द्यावा लागेल. तो माणूसच नसेल तर ओटा धुणार कोण? अभ्यासक्रम मागे पडतो, हा तिसरा आक्षेप. दहावीला विज्ञानाचे ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. ते वीस बहुतेकांना मिळूनच जातात, मग प्रयोगवही एकमेकांची बघून उतरवली तरी कुणाचं बिघडत नाही. इथे मात्र मी सहकाऱ्यांशी भांडते. ज्या मुलाने वर्षभरात परीक्षानळी हातात धरलेली नाही त्याला वीसपैकी अठरा देताना आपण त्याच्यावर उपकार करत नाही. अकरावीला तो जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजात जातो, ब्युरेट या काचेच्या मोजनळीसमोर उभा राहतो आणि त्याचा हात थरथरतो. गावाकडची मुलं विज्ञानात कच्ची, हा शिक्का तिथे बसतो.

सातपुड्यातल्या आश्रमशाळांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे एवढंच सांगते. तिथली मुलं रात्रीही शाळेतच असतात. धडगाव-तोरणमाळच्या काळ्याशार आकाशाखाली निजणाऱ्या मुलांच्या शाळेत गच्चीच्या जिन्याला कुलूप असावं, याहून मोठी उधळपट्टी नाही. कठडा बांधा, शिक्षक सोबत ठेवा, आणि कोनमापकाला दोरी-वजन बांधून ध्रुवताऱ्याची उंची मोजू द्या. एकवीस-बावीस अंशांच्या आसपास उत्तर येईल. तोच आपला अक्षांश.

आमच्या शाळेत यातलं सगळं झालेलं नाही. नळ आला, ओटा आला, फळ्यांची दारं सुताराने काढून दिली. मोडतोडीसाठी शाळा समितीने दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवायचं मान्य केलं, तेव्हा मी घरी जाऊन त्या नववीतल्या मुलीची जुनी हजेरी काढून बघितली. नाव दिसलं, पत्ता बदलला होता.

पत्र्याचं काम गेल्या वर्षी केलं. चुना अर्ध्याच पत्र्याला पुरला. उरलेला पुढच्या महिन्यात देऊ, असं ठरलं. तेवढ्यात मुलांनी दोन्ही भागांखाली, पत्र्यापासून वीतभर अंतरावर, एकेक तापमापी टांगली आणि रोज शाळा सुटताना, साडेअकराला, दोन आकडे भिंतीवर लिहायला सुरुवात केली. ते दोन आकडे एकदाही जुळले नाहीत. महिन्याने चुन्याची गोणी आली. मुख्याध्यापक गड्याला घेऊन शिडी लावायला आले, तर आठवीची पोरं दारातच उभी.

"सर, तो भाग राहू द्या. सगळा पांढरा केला तर मग कशाशी ताडून बघायचं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पोरांकडे. उकाडा त्यांच्याच डोक्यावर होता. त्यांनी त्याचीही सोय आधीच केली होती, फळ्याच्या कोपऱ्यात वेळापत्रक लिहिलेलं होतं: कोणती टोळी कोणत्या वारी तापलेल्या बाजूला बसणार.